मुलगा धोकादायक आहे का? हिंसेची जोखीम जोखताना

गेल्या काही महिन्यांत या सदराकडे आलेल्या पत्रांत वयात येणाऱ्या मुलांच्या मारामाऱ्या, धमक्या आणि हत्यारे यांविषयीची पत्रे वाढली आहेत. कोयते घेऊन रस्त्यावरच्या गाड्या फोडणाऱ्या टोळक्यांच्या बातम्या पुणेकर सतत वाचत असतात, आणि त्या वाचून आपल्याच घरातल्या किंवा वर्गातल्या मुलाकडे धास्तावून पाहू लागलेले लोक या पत्रांतून भेटतात. त्यांतली चार पत्रे, ओळख पटेल असे तपशील वगळून, या वेळी घेतली आहेत.

प्रश्न : माझा मुलगा पंधरा वर्षांचा असून नववीत शिकतो. आम्ही सिंहगड रस्त्यावर राहतो. मी पतपेढीत नोकरी करते आणि मिस्टर कामानिमित्त महिन्यातले बरेच दिवस बाहेरगावी असतात. दिवाळीनंतर मुलाने शाळेबाहेर एका मुलाला इतके मारले की त्याच्या कपाळाला टाके पडले. ते प्रकरण आम्ही त्यांच्या घरी जाऊन, माफी मागून मिटवले. मागच्या आठवड्यात घरात चपलांच्या कपाटामागे वर्तमानपत्रात गुंडाळलेला कोयता सापडला. ‘माझा नाही, मित्राने ठेवायला दिलाय,’ एवढेच तो सांगतो. कोयत्याचे मी अजून कोणाला सांगितलेले नाही. मारामारीचे मात्र शाळेला कळले असून, ‘या मुलापासून कोणालाही धोका नाही’ असा तज्ज्ञाचा दाखला आणल्याशिवाय त्याला वर्गात बसू देणार नाही, असे मुख्याध्यापक म्हणतात. असा दाखला कोठे मिळेल? आणि माझा मुलगा पुढे काही भयंकर करील का, हे कोणी सांगू शकेल का?

उत्तर : आधी कोयत्याविषयी, कारण बाकी सगळे आठवडाभर थांबू शकते, हे थांबू शकत नाही. तो घरात ठेवू नका, ‘परत करून ये’ म्हणून मुलाच्या हाती देऊ नका आणि रात्री कालव्यात टाकून मोकळ्याही होऊ नका. परत केला तर तो पुन्हा कोणाच्या तरी हातात जाईल आणि पोहोचवणारा तुमचाच मुलगा असेल. टाकून दिला तर उद्या त्याचा काही संबंध निघाल्यास तुम्ही तो लपवला असा अर्थ होईल. शिवाजीनगर न्यायालयाच्या आवारातील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून स्त्रियांना आणि बालकांना उत्पन्नाची अट न लावता मोफत कायदेशीर साहाय्य मिळते. तेथील किंवा ओळखीच्या वकिलांशी आधी बोला आणि त्यांच्या सल्ल्याने पोलिसांकडे जा. प्रत्येक पोलीस ठाण्यात एक बाल कल्याण पोलीस अधिकारी असावा, अशी बाल न्याय कायद्यातच तरतूद आहे. त्यांनाच भेटायचे आहे असे आग्रहाने सांगा. त्याआधी मुलाला शांतपणे दोन गोष्टी विचारा : हे परत न्यायला कोण आणि केव्हा येणार आहे, आणि तुला कोणाची भीती वाटते का? मित्राने ठेवायला दिले ही थाप असेलच असे नाही. टोळक्यात सांभाळायची जोखमीची वस्तू अनेकदा वयाने लहान असलेल्या, घरी कोणाला संशय येणार नाही अशा मुलाच्या गळ्यात मारली जाते.

आता दाखल्याविषयी. ‘या मुलापासून कोणालाही धोका नाही’ असे लिहून देणे कोणत्याही जबाबदार तज्ज्ञाला शक्य नाही, आणि तासाभराच्या भेटीत जो तसे लिहून देईल त्याच्यावर तुम्ही किंवा शाळेने विसंबू नये. हिंसेच्या भाकितांचा पूर्वेतिहास फारसा अभिमानास्पद नाही. १९८१ मध्ये अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जॉन मोनाहन यांनी तोवरचे संशोधन तपासून दाखवून दिले की, ‘हा माणूस हिंसा करील’ असे तज्ज्ञांनी ज्यांच्याविषयी सांगितले, त्या तिघांपैकी फार तर एकाच्या बाबतीत ते खरे ठरत होते. त्यानंतर साधने सुधारली. तरीही २०१२ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आलेल्या एका मोठ्या आढाव्यात, ७३ गटांतल्या २४,८२७ व्यक्तींची माहिती एकत्र पाहिल्यावर, जे चित्र दिसले ते सावध करणारे होते. कमी जोखमीचे ठरवलेल्यांपैकी ९१ टक्के लोक पुढे खरोखरच हिंसेपासून दूर राहिले. पण मध्यम किंवा जास्त जोखमीचे ठरवलेल्यांपैकी हिंसा करणारे ४१ टक्केच निघाले. म्हणजे ज्यांच्यावर शिक्का बसला त्यांतल्या निम्म्याहून अधिक लोकांवर तो चुकीचा होता.

हे आकडे मुख्यतः आधीच कायद्याच्या किंवा मनोरुग्णालयांच्या कक्षेत आलेल्या लोकांचे आहेत. शाळेत, जेथे गंभीर हिंसा करणारी मुले अगदी थोडी असतात, तेथे चूक आणखी वाढते. समजा, हजार मुलांपैकी वीस मुले पुढे गंभीर हिंसा करणार आहेत आणि आपल्याजवळची चाचणी दोन्ही बाजूंनी ऐंशी टक्के अचूक आहे. ती त्या वीसांतल्या सोळा जणांना ओळखील, पण उरलेल्या ९८० निरुपद्रवी मुलांपैकी १९६ जणांनाही धोकादायक ठरवील. शिक्का बसलेल्या २१२ मुलांत खरी सोळा! मुख्याध्यापकांना दाखला हवासा का वाटतो हे मला समजते, त्यांच्यावर साऱ्या शाळेची जबाबदारी आहे. पण हे गणित त्यांच्यासमोर मांडावे असे मला मनापासून वाटते.

याचा अर्थ तपासणी निरुपयोगी आहे असा मात्र नाही. तिच्याकडे मागायचे ते भाकीत नव्हे. कोणत्या परिस्थितीत, कोणाच्या बाबतीत, किती तातडीची जोखीम आहे, ती कशाने वाढते, कशाने उतरते आणि पुन्हा केव्हा पाहायचे, एवढे तिने सांगितले तर तिचे काम झाले. बारा ते अठरा वयाच्या मुलांसाठी रँडी बोरम, पॅट्रिक बार्टेल आणि अडेल फोर्थ यांनी तयार केलेले ‘सॅव्हरी’ हे साधन याच विचाराने बांधलेले आहे. त्यात जोखमीच्या २४ बाबी आहेत. पैकी दहा गतकाळातल्या आहेत : आधीची हिंसा, ती कोणत्या वयात सुरू झाली, घरात पाहिलेली किंवा सोसलेली मारहाण, स्वतःला इजा करण्याचे प्रयत्न, लहानपणी आईवडिलांपासून झालेली ताटातूट, अशा. सहा भोवतालच्या आहेत आणि आठ मुलाच्या स्वभावाशी व सवयींशी निगडित आहेत. यांशिवाय सहा बाबी संरक्षक आहेत, आणि माझ्या मते साधनाचे खरे मोल तेथे आहे : जीव लावणारे माणूस, शाळेची ओढ, चांगल्या कामात सहभाग, मदत घेण्याची तयारी. या साऱ्यांची बेरीज करून गुण काढायचे नसतात. तपासणाऱ्याने प्रत्येक बाब पाहिली आहे याची खात्री करायची आणि मग कमी, मध्यम की जास्त, हा निर्णय स्वतःच्या जबाबदारीवर, कारणे देऊन घ्यायचा, अशी ही पद्धत आहे.

प्रत्यक्षात तपासणी कशी होते हे सांगतो, म्हणजे तज्ज्ञ निवडताना तुम्हाला अंदाज येईल. नीट काम करणारा मानसशास्त्रज्ञ मुलाला ‘तू का मारलेस?’ असे विचारून थांबत नाही, कारण त्याचे उत्तर ‘त्याने आईवरून शिवी दिली’ असे एका वाक्यात मिळते आणि तपास तेथेच संपतो. तो मुलाबरोबर तो दिवस सकाळपासून उलगडत जातो. रात्री झोप किती झाली होती, सकाळी फोनवर काय आले, इन्स्टाग्रामवरच्या कोणत्या स्टोरीवरून खुन्नस सुरू झाली, शाळा सुटल्यावर गाडीवर कोण आले, ‘आता सोडलेस तर तुझी इज्जत काय राहील’ असे कोण म्हणाले, पहिला फटका बसल्यावर समोरचा खाली पडला तेव्हा तू थांबलास की नाही, थांबला नाहीस तर तेव्हा डोक्यात काय होते, आणि रात्री घरी येऊन जेवलास का? या शेवटच्या प्रश्नावर काही मुले प्रथमच रडतात. एकट्याने, थंड डोक्याने, ठरवून केलेली मारहाण आणि चार जणांच्या चिथावणीने हात उगारून नंतर घाबरलेला मुलगा, या दोघांना लागणारी मदत निराळी असते. तज्ज्ञाने तुमच्याशी, वडिलांशी आणि वर्गशिक्षकांशीही बोलले पाहिजे, कारण मुलाच्या एकट्याच्या सांगण्यावर किंवा एखाद्या प्रश्नावलीवर आधारलेला अहवाल अर्धाच असतो.

तुमच्या पत्रात एक गोष्ट नाही आणि ती मला सर्वांत आधी विचारावीशी वाटते : हे सारे केव्हा सुरू झाले? मानसशास्त्रज्ञ टेरी मॉफिट यांनी न्यूझीलंडमधील ड्युनेडिन येथे १९७२-७३ मध्ये जन्मलेल्या १,०३७ मुलांच्या दीर्घ पाहणीच्या आधारे १९९३ मध्ये एक भेद मांडला. काही थोडी मुले बालवाडीच्या वयापासून आक्रमक असतात आणि त्यांची वाट लांबत जाते. पुष्कळ मोठ्या संख्येची मुले मात्र किशोरवयात, मित्रांच्या संगतीने बिघडतात आणि वाढत्या वयाबरोबर सावरतात. अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया आणि फीनिक्स या शहरांत गंभीर गुन्हे केलेल्या १,३५४ मुलांचा सात वर्षे मागोवा घेतला गेला, तेव्हाही बहुतेकांचे गुन्हे कालांतराने कमी होत गेलेले आढळले. तुमचा मुलगा सातवी-आठवीपर्यंत मित्रांत मिसळणारा, मार खाऊन घरी येणारा साधा मुलगा असेल, तर तो दुसऱ्या गटातला असण्याची शक्यता अधिक आहे. तो निर्धास्त राहण्याचा परवाना नव्हे, कारण कोयता हातात असलेल्या मुलाला सावरायला पुढची पाच वर्षे मिळतीलच असे नसते.

म्हणून शाळेला दाखल्याऐवजी लेखी योजना द्या. ससून रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात किंवा किशोरवयीनांबरोबर काम करणाऱ्या चिकित्सा मानसशास्त्रज्ञाकडे तपासणी करून घ्या आणि अहवालात या गोष्टी मागून घ्या : शाळा सुटताना त्याला न्यायला कोण येईल, ज्याला मारले त्या मुलापासून तो वर्गात व मैदानावर दूर कसा ठेवला जाईल, शाळेतले कोणते एक शिक्षक त्याच्याशी दर आठवड्याला बोलतील, व्यसनाचा प्रश्न असल्यास त्यावर कोठे उपचार होतील आणि सहा आठवड्यांनी पुन्हा कोण पाहील. वडिलांनी लांबून रागावण्यापेक्षा रोज ठरलेल्या वेळी त्याच्याशी फोनवर बोलावे. विषय क्रिकेटचा असला तरी चालेल. मुख्याध्यापकांना एवढे जरूर सांगा की, शाळेशी असलेला धागा हा हिंसेपासून राखणाऱ्या मोजक्या गोष्टींपैकी एक आहे आणि मुलाला दिवसभर मोकळे सोडले तर त्याला सांभाळायला ते टोळके तयारच बसलेले आहे.

प्रश्न : मी पेठेतल्या एका शाळेत आठवीची वर्गशिक्षिका आहे. एका मुलीने मला हळूच येऊन सांगितले की, वर्गातल्या एका मुलाच्या वहीच्या शेवटच्या पानावर चार मुलांची नावे असून त्यांतल्या दोन नावांवर फुल्या मारल्या आहेत आणि खाली ‘एकेकाला बघून घेतो’ असे लिहिले आहे. मी वही पाहिली. ते खरे आहे. मुलगा अतिशय शांत, अभ्यासू आहे. शिक्षकांच्या खोलीत निम्मे जण ‘लगेच पोलिसांना कळवा’ म्हणतात, निम्मे ‘या वयात सगळेच लिहितात’ म्हणतात. मी काय करावे?

उत्तर : त्या मुलीने तुमच्याकडे यावे असे तुम्ही तिच्याशी वागला आहात, ही या प्रकरणातली सर्वांत मोलाची गोष्ट आहे; तिचे नाव कोणालाही, शिक्षकांच्या खोलीतही, कळू देऊ नका. अमेरिकेच्या अध्यक्षांची सुरक्षा पाहणाऱ्या सीक्रेट सर्व्हिसने आणि तेथील शिक्षण खात्याने तेथील ३७ शालेय हल्ल्यांचा अभ्यास करून २००२ मध्ये अहवाल दिला. त्यातल्या ८१ टक्के घटनांत किमान एका व्यक्तीला हल्लेखोराच्या मनातले आधी कळलेले होते, आणि ती व्यक्ती बहुधा त्याच्याच वयाची होती. त्या अहवालाने आणखी एक गोष्ट स्पष्ट केली : हल्ला करणाऱ्या विद्यार्थ्याचा म्हणून काही ठरावीक साचा नसतो. तेव्हा तुमचा विद्यार्थी शांत व अभ्यासू आहे यावरून ना दिलासा घेता येतो, ना धसका.

शिक्षकांच्या खोलीतले दोन्ही गट धमकीच्या शब्दांवर वाद घालत आहेत. पाहायचे असते ते शब्दांमागे तयारी आहे का. व्हर्जिनिया विद्यापीठाचे ड्युई कॉर्नेल यांनी शाळांसाठी तयार केलेल्या पद्धतीत रागाच्या भरात निघालेली, बोलल्यावर निवळणारी धमकी आणि मनात धरून ठेवलेली धमकी असा फरक केला जातो. दुसऱ्या प्रकारात ठिकाण, वेळ, साधन ठरलेले असते, कोणाला तरी सोबत घ्यायचा प्रयत्न झालेला असतो, धमकी पुन्हापुन्हा आलेली असते. तुमच्याकडच्या पानावर फुल्या आहेत, म्हणून पहिला प्रश्न असा : ज्या दोन नावांवर फुली आहे, त्या दोघांचे मधल्या काळात काही झाले आहे का? भांडण मिटले म्हणून फुली मारली, की त्यांची सायकल फोडून झाली म्हणून? उत्तर पार वेगवेगळ्या दिशांना नेईल.

मुलाला वर्गातून सर्वांदेखत उठवू नका. समुपदेशकांच्या खोलीत, वही समोर ठेवून, आरोपाचा सूर न लावता विचारा की, या चौघांनी तुला काय केले? वर सांगितलेल्या अभ्यासातल्या हल्लेखोरांपैकी ७१ टक्के मुलांना आपला छळ झाला, आपल्याला त्रास दिला गेला असे वाटत होते. चार नावे एकाच बाकावरची, एकाच व्हॅनमधली किंवा एकाच व्हॉट्सॲप गटातली निघाली, तर तुमच्यापुढे एक नव्हे, पाच मुलांचा प्रश्न आहे. त्याला ‘जगू नये असे वाटते का?’ हेही थेट विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उलट अशा मुलांत स्वतःला संपवण्याचे विचार वारंवार आढळतात आणि कोणी विचारत नाही म्हणून ते दडून राहतात. होकार आला तर त्याला एकटे सोडू नका आणि त्याच दिवशी पालकांसह डॉक्टरांकडे पाठवा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य दूरध्वनी सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर कोणत्याही वेळी मराठीत बोलता येते.

हत्यार, ठरलेली वेळ किंवा ठरलेले ठिकाण यांतले काहीही समोर आले, तर चौघांच्या पालकांना आणि पोलिसांना त्याच दिवशी कळवावे. समुपदेशकांनी गोपनीयतेची अडचण सांगितली, तर मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ मधील गोपनीयतेच्या तरतुदीतच दुसऱ्याला इजेपासून वाचवण्यासाठी आवश्यक ती माहिती देण्याची मुभा आहे, हे त्यांच्या लक्षात आणून द्या. यांतले काही नसेल, तर पोलिसांना बोलावून या मुलाला वर्गात कायमचा ‘तो’ करून टाकण्याचे कारण नाही.

प्रश्न : मी शिवाजीनगर न्यायालयात नव्याने वकिली करतो. येरवड्याच्या बाल न्याय मंडळापुढील एका प्रकरणात कलम १५ खालच्या प्राथमिक मूल्यांकनाच्या अहवालात मानसशास्त्रज्ञांनी ‘मुलगा पुन्हा हिंसा करण्याची जोखीम जास्त’ असा निष्कर्ष लिहिला आहे. हा मुद्दा तेथे येऊ शकतो का?

उत्तर : तुमच्या प्रकरणाचे कागद मी पाहिलेले नाहीत, म्हणून तत्त्वापुरते लिहितो. बाल न्याय कायदा, २०१५ च्या कलम १५ नुसार, सोळा वर्षे पूर्ण झालेल्या किंवा त्याहून मोठ्या बालकावर अतिगंभीर गुन्ह्याचा आरोप असेल तेव्हा, त्याच्यावर प्रौढाप्रमाणे खटला चालवायचा का हे ठरवण्यासाठी, मंडळाने तीन गोष्टी पाहायच्या असतात : असा गुन्हा करण्याची त्याची मानसिक व शारीरिक क्षमता, परिणाम समजण्याची त्याची कुवत आणि गुन्हा ज्या परिस्थितीत घडल्याचा आरोप आहे ती परिस्थिती. तिन्हींचा रोख त्या दिवसाकडे आहे. पुढे तो काय करील, हे कलम विचारतच नाही. शिवाय हे मूल्यांकन म्हणजे खटला नव्हे, असे स्पष्टीकरण कलमातच आहे. ज्याने गुन्हा केला की नाही हेच अजून ठरायचे आहे, त्या मुलाविषयी ‘पुन्हा करील’ असे लिहिणे म्हणजे पहिल्यांदा केला असे गृहीत धरणे होय. माझ्या दृष्टीने हा भाषेचा निष्काळजीपणा नसून मुलाच्या आयुष्याची दिशा बदलू शकणारी चूक आहे, आणि ती दाखवून देणे तुमचे काम आहे. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२२ मध्ये हे मूल्यांकन नाजूक व तज्ज्ञतेचे काम असल्याचे सांगून, मंडळात बालमानसशास्त्र किंवा बालमनोविकारशास्त्र शिकलेला सदस्य नसेल तर तज्ज्ञांचे साहाय्य घेणे बंधनकारक आहे असे म्हटले. त्या तज्ज्ञाला कोणता प्रश्न विचारला होता आणि त्याने कोणत्या प्रश्नाचे उत्तर दिले, हे पडताळून पाहा.

जोखमीच्या मूल्यांकनाला कायद्यात जागा नाही असे मात्र नाही. परिविक्षा (प्रोबेशन) अधिकाऱ्याच्या सामाजिक तपासणी अहवालात, मुलाला घरी पाठवताना कोणती देखरेख आणि कोणते उपचार हवेत हे ठरवताना, आणि कलम २० खाली, दोषी ठरून ठेवलेल्या मुलात एकविसाव्या वर्षी सुधारणा झाली आहे का हे पाहताना त्याचा खराखुरा उपयोग आहे. तेथेही एक काळजी घ्यावी लागते. जोखीम जोखण्याची ही साधने उत्तर अमेरिकेतल्या मुलांवर बेतलेली आहेत. मंडईत हमाली करणाऱ्या वडिलांना हात द्यायला म्हणून शाळा बुडवणारा मुलगा आणि शाळेचा तिटकारा असलेला मुलगा यांच्या हजेरीपटावर सारखेच शेरे दिसतात, आणि वस्तीत गुन्हे जास्त आहेत म्हणून त्या वस्तीतल्या प्रत्येक मुलाच्या खात्यावर जोखीम चढवली, तर आपण मुलाला नव्हे, त्याच्या पत्त्याला तपासत असतो.

प्रश्न : माझ्या अकरा वर्षांच्या मुलाला अतिचंचलतेचा त्रास आहे आणि औषध सुरू आहे. अशी मुले पुढे हिंसक होतात व त्या गोळ्यांनी आक्रमकपणा वाढतो, असे नातेवाईक सांगतात. गोळ्या बंद कराव्यात का?

उत्तर : नातेवाइकांच्या सांगण्यावरून बंद करू नका. वर उल्लेखिलेल्या ‘सॅव्हरी’तल्या जोखमीच्या २४ बाबींत अतिचंचलता ही एक बाब आहे. ती एकटी असेल तर तिचा अर्थ मुलगा हिंसक होणार असा होत नाही, आणि अशी बहुतेक मुले कधीही कोणाला गंभीर इजा करत नाहीत. स्वीडनमध्ये हे निदान झालेल्या २५,६५६ व्यक्तींच्या नोंदी तपासून २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, औषध चालू असलेल्या काळात पुरुषांमधील गुन्ह्यांचे प्रमाण औषध बंद असलेल्या काळापेक्षा ३२ टक्क्यांनी कमी आढळले. अभ्यास तुमच्या मुलापेक्षा मोठ्या वयाच्या लोकांचा आहे, पण गोळ्यांनी माणूस हिंसक होतो या समजाला त्यातून काही आधार मिळत नाही. काही मुले गोळीचा अंमल उतरताना, बहुधा संध्याकाळी, चिडचिडी होतात. तसे दिसत असेल तर आठवडाभर गोळीची वेळ, जेवणाची वेळ आणि चिडचिडीची वेळ एका कागदावर लिहून ठेवा आणि तो कागद घेऊन डॉक्टरांकडे जा. मात्रा किंवा वेळ बदलून हे बरेचदा आटोक्यात येते.